शेक घेतलेल्या माणसाचे ताट

मुंबईला जाऊन ‘शेक’ घेऊन आलेल्या रोग्याचे ताट घरात वेगळे ठेवावे काय? त्याच्या मांडीवर नातवंडाला बसू द्यावे काय? जळगाव-धुळ्याकडच्या घरांत हे प्रश्न कुजबुजत विचारले जातात आणि बहुधा कुणी त्यांचे नीट उत्तर देत नाही. कर्करोगावर जे किरण देतात त्यांना आपल्याकडे कुणी ‘शेक’ म्हणते, कुणी ‘लाईट’, तर कुणी ‘करंट’. ज्या किरणांनी गाठ नाहीशी होते ते किरण माणसाच्या अंगात मुरत असतील आणि पुढे हळूहळू बाहेर पडत असतील, अशी भीती त्यामागे असते. या भीतीला अडाणीपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. चुलीतून काढलेली वीट रात्रभर उष्णता देत राहते. मग शेक घेतलेला माणूस किरण का देणार नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरते. फक्त वाट थोडी लांबची आहे.

शेक, पण उष्णता नाही

प्रथम ‘शेक’ हा शब्दच तपासून पाहू या. शरीराने किती किरणे शोषली हे मोजण्याच्या एककाला ‘ग्रे’ म्हणतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की ती मात्रा झाली एक ग्रे. कर्करोगाच्या रोग्याला गाठीच्या जागी दररोज साधारणपणे २ ग्रे दिले जातात. आता विशिष्ट उष्णतेचा धडा आठवा. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. मग २ ज्यूलने ते किती वाढेल? एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाएवढे! डॉक्टरांच्या तापमापकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणजे हा शेक नव्हेच. रोग्याला यंत्राखाली काहीही जाणवत नाही, तेही याच कारणाने.

पण दुसरी बाजूही पाहा. एखाद्या माणसाच्या सर्व शरीराला एकाच वेळी ४ ते ५ ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर जगण्या-मरण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत ही सारी ऊर्जा होते २७० ज्यूलच्या आसपास. गरम चहाच्या एका घोटातून याच्या तिपटीहून अधिक ऊर्जा आपल्या पोटात जाते! चहाने माणूस ताजातवाना होतो आणि त्याहून कमी ऊर्जेने मरतो, हे कसे?

फरक ऊर्जेच्या एकूण साठ्यात नसून ती कोणत्या पुडक्यातून येते यात आहे. प्रकाश काय, क्ष-किरण काय आणि गॅमा किरण काय, हे सारे विद्युत्-चुंबकीय तरंग होत. आणि त्यांची ऊर्जा सुट्या सुट्या पुडक्यांतून येते. या पुडक्याला फोटॉन म्हणतात. दिव्याच्या प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. कोबाल्टच्या गॅमा किरणांच्या फोटॉनमध्ये ती दहा लाखांच्या वर असते. रेणूतले बंध तोडायला काही थोडे इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. कापसाची पाटी अंगावर रिकामी केली तर काही होत नाही; गोफणीतला एकच धोंडा मात्र डोके फोडतो. गॅमा फोटॉन शरीरातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला असा हाणतो की तो उखडला जाऊन पेशींमधून धावत सुटतो आणि वाटेत हजारो रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवीत जातो. या क्रियेला आयनीभवन म्हणतात. त्यात कुठे पाण्याचे रेणू फुटून अत्यंत क्रियाशील तुकडे तयार होतात, तर कुठे पेशीच्या केंद्रातील डी.एन.ए.चा दुपदरी धागा दोन्ही बाजूंनी तुटतो. असा धागा सांधता आला नाही की पेशी विभागू शकत नाही. मारा उष्णतेचा नाही, अचूक तोडफोडीचा आहे.

सराफ बाजारातले क्ष-किरण

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण दिसले, आणि १९०१ साली भौतिकीचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, ही गोष्ट तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली असेल. निर्वात नळीत तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन उच्च विद्युत्-दाबाने पळवून टंगस्टनच्या तुकड्यावर आदळले की क्ष-किरण निघतात. छातीच्या किंवा हाडाच्या फोटोसाठी साठ हजार ते एक लाख व्होल्टच्या आसपासचा दाब वापरतात. ऊर्जेचा फार मोठा भाग उष्णतेत जातो आणि जेमतेम एक टक्का क्ष-किरणांत.

हे किरण पाहायला रुग्णालयातच जायला हवे असे नाही. जळगावचे सोने सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेथील सराफ बाजारात आता दागिन्याचा कस कसोटीच्या दगडाऐवजी ‘कॅरेट मीटर’ नावाच्या यंत्रात पाहतात. त्या पेटीत क्ष-किरणांची एक छोटी नळीच असते. क्ष-किरणांचा फोटॉन सोन्याच्या अणूवर आदळतो आणि अगदी आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन हुसकावून लावतो. या झटापटीत फोटॉन स्वतः संपून जातो. रिकाम्या जागी बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना सोन्याच्या ठराविक ऊर्जेचा नवा क्ष-किरण सोडतो. तांब्याची ऊर्जा वेगळी, चांदीची वेगळी. त्या मोजल्या की अंगठीत किती सोने आणि किती भेसळ हे दागिना न घासता कळते.

फोटॉन गिळून आतला इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याच्या या घटनेला प्रकाशविद्युत् परिणाम म्हणतात, आणि हाडाचा फोटो निघतो तो तिच्याच जोरावर. ही घटना घडण्याची शक्यता अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. मांसात मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन. त्यांचे अणुक्रमांक १, ६, ७ आणि ८. हाडात कॅल्शियम, त्याचा अणुक्रमांक २०. वीसचा घन ८,००० आणि आठचा ५१२. हाडाची सावली इतकी ठळक का पडते ते आता वेगळे सांगायला नको. किरण अडवण्यासाठी शिसे का वापरतात हेही यावरून कळेल; त्याचा अणुक्रमांक ८२ आहे. तसे सोनेही चालले असते, त्याचा ७९ आहे. पण सोन्याचा पडदा सरकारी दवाखान्याला परवडायचा नाही.

बेरजेवरून आकडे ओळखा

साध्या फोटोत एक मोठी उणीव असते. पुढचे, मधले आणि मागचे सगळे एकावर एक येते. पन्नास पानांचे पुस्तक पारदर्शक कागदावर छापून एकदम उजेडासमोर धरावे, तसे. गाठ नेमकी किती खोल आहे हे त्यात दिसत नाही. आणि ते कळल्याशिवाय किरणांचा नेम धरायचा कसा?

यावर जो तोडगा निघाला त्याचे मर्म एका कोड्यात आहे. वहीवर दोन ओळी आणि दोन स्तंभ असा चार घरांचा चौकोन काढा. घरांतले आकडे मी सांगणार नाही. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ९. डाव्या स्तंभाची ६, उजव्याची १०. ओळखा आकडे! थोडी खटपट केलीत तर लक्षात येईल की एकाहून अधिक उत्तरे जमतात. आता आणखी एक माहिती देतो: डावीकडील वरचे घर आणि उजवीकडील खालचे घर यांची तिरपी बेरीज १३ आहे. आता मात्र उत्तर एकच. डाव्या वरच्या घरातील आकड्यास ‘क’ म्हणा. त्याच्या ओळीची, स्तंभाची आणि तिरकी अशा तीन बेरजा मिळवल्या तर येतात २६. त्यांत क तीनदा आला आणि बाकीची तिन्ही घरे एकेकदा. चारही घरांची बेरीज आहे १६. म्हणून २६ वजा १६, म्हणजे १०, हे दोन वेळा क. आणि क बरोबर ५. उरलेली घरे २, १ आणि ८.

क्ष-किरण शरीरातून आरपार गेला की वाटेत एकूण किती शोषण झाले याची ‘बेरीज’ आपल्याला मिळते. वेगवेगळ्या दिशांनी पुष्कळ बेरजा घेतल्या तर आतल्या प्रत्येक घराचा आकडा काढता येतो. ब्रिटनमधील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी हेच केले. त्यांच्या यंत्राने १८० कोनांतून प्रत्येकी १६० नोंदी घेतल्या, म्हणजे एका कापासाठी २८,८०० बेरजा. आणि त्यांवरून उभी ८० व आडवी ८० अशा ६,४०० घरांचे चित्र संगणकाने सोडवले. लंडनच्या एका रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र असे घेतले गेले. यालाच आपण सी.टी. स्कॅन म्हणतो. गंमत अशी की हाउन्सफील्ड ज्या कंपनीत काम करीत ती ई.एम.आय. कंपनी लोकांना माहीत होती गाण्यांच्या तबकड्यांसाठी! त्यांना आणि अशा चित्रांचे गणित आधीच मांडणारे अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या गणितात एक भारतीय नावही कायमचे गोवले गेले आहे. प्रा. गो. ना. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी त्याच १९७१ साली या बेरजांवरून चित्र उभारण्याची एक सोपी आणि जलद रीत प्रसिद्ध केली. त्या रीतीतील गणिती गाळणीला जगभर ‘राम-लॅक’ म्हणतात. दोघांच्या नावांची सुरुवात जोडून. रामचंद्रन यांचे नाव आपल्याकडे कोलॅजेन या प्रथिनाच्या रचनेसाठी घेतले जाते आणि या कामाचा उल्लेख सहसा राहून जातो. तो राहू नये असे मला वाटते.

सोनोग्राफी आणि एम.आर.आय. या तपासण्यांचा येथे फार विचार करायला नको. पहिलीत ध्वनितरंगांचा प्रतिध्वनी ऐकतात, तर दुसरीत प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या अणुगर्भांना रेडिओ तरंगांनी डिवचून त्यांचे उत्तर टिपतात. दोन्हींत आयनीभवन नाही.

कोबाल्ट आणि जबडा

आता उपचाराकडे वळू. तंबाखू-चुना, गुटखा आणि मिश्री यांच्या पायी आपल्याकडे तोंडाचा कर्करोग पुष्कळ. गाल, जीभ, हिरडी. आणि त्यांना लागून जबड्याचे हाड. येथे जुन्या काळच्या क्ष-किरण यंत्रांची मोठी अडचण होत असे. त्यांचा दाब दोन-चार लाख व्होल्टच्या आतला. या ऊर्जेला प्रकाशविद्युत् परिणाम अजून जागा असतो; म्हणून गाठीला मात्रा पोहोचवताना कॅल्शियमने भरलेले हाड तिच्याहून कितीतरी अधिक किरण पिऊन घेई. शिवाय सर्वांत मोठी मात्रा पडे ती कातडीवर. गाठ बरी होई, पण कातडी भाजे आणि कधी जबड्याचे हाड मरून जाई. जी गोष्ट फोटो काढताना उपकारक, तीच उपचारात घातक!

कोबाल्ट-६० ने ही अडचण दूर केली. साधे कोबाल्ट-५९ अणुभट्टीत ठेवले की त्याचा अणुगर्भ एक न्यूट्रॉन गिळून कोबाल्ट-६० होतो. तो किरणोत्सारी असून त्यातून १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन गॅमा फोटॉन निघतात. या ऊर्जेला फोटॉन आतल्या कक्षेच्या भानगडीत पडत नाही. तो वाटेत भेटेल त्या इलेक्ट्रॉनला धक्का देतो आणि उरलेली ऊर्जा घेऊन दुसऱ्या दिशेने जातो, कॅरमच्या सोंगट्यांसारखे. यास कॉम्प्टन परिणाम म्हणतात. त्याला अणुक्रमांकाचे सोयरसुतक नाही, फक्त इलेक्ट्रॉनांची संख्या पाहिजे. आणि ग्रॅमामागे इलेक्ट्रॉन हाडात व मांसात जवळजवळ सारखेच. म्हणून जबडा बचावतो. आणखी एक लाभ असा की धक्का लागलेले इलेक्ट्रॉन पुढच्या दिशेने धावतात, त्यामुळे सर्वांत अधिक मात्रा कातडीवर न पडता तिच्याखाली अर्ध्या सेंटिमीटरवर पडते.

१९५१ साली कॅनडात कोबाल्टने पहिले उपचार झाले. आपल्याकडे कोबाल्ट राजस्थानात, कोट्याजवळच्या रावतभाटा येथील अणुवीज केंद्रांतून मिळते. आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी यंत्र तयार केले, ते २००५ साली टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत बसले. मोठ्या रुग्णालयांत आता बहुतेक उपचार रेषीय त्वरकावर होतात. त्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मतरंगांनी पळवून लक्ष्यावर आदळतात, म्हणजे जातीने ती क्ष-किरणांची नळीच. फक्त लाखांऐवजी दशलक्षांची. त्याचा झोत अधिक रेखीव असतो आणि बटण बंद केले की किरण बंद. पण त्याला अखंड वीज आणि थंड पाण्याची व्यवस्था लागते. कोबाल्टला किरण देण्यासाठी वीज लागतच नाही. ती लागते फक्त यंत्र हलवायला. भारनियमन पाहिलेल्या माणसाला या फरकाची किंमत कळते.

लासलगावचा कांदा आणि तेहतीस दिवस

परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि खानदेशाची त्या रुग्णालयाकडे जाणारी वाट तशी जुनीच. जळगावाहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. धुळ्याच्या माणसाला पूर्वी चाळीसगावला गाडी बदलावी लागे. रोज दोन मिनिटांचा उपचार, आणि असे तीस ते पस्तीस दिवस. रोग्याला आणि त्याच्याबरोबरच्या माणसाला दीड-पावणेदोन महिने मुंबईत काढावे लागतात. कुणी नातेवाइकाकडे, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. मग मनात येते, एवढे साठ-सत्तर ग्रे एकाच दिवसात का देऊन टाकत नाहीत?

याचे अर्धे उत्तर त्याच रेल्वेमार्गावर आहे. नाशिक आणि मनमाड यांच्यामध्ये लासलगाव लागते. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ नावाचे केंद्र असून त्यात कोबाल्ट-६० चेच गॅमा किरण कांद्यावर सोडतात. मात्रा किती? सुमारे ६० ते ९० ग्रे. रोग्याच्या गाठीला मिळतात तेवढेच जवळजवळ! कांद्याच्या पोटातील कोंबाच्या पेशी सतत विभागू पाहत असतात. त्यांची विभागणी थांबते आणि कांदा साठवणीत कोंब धरत नाही. याच केंद्रातून आंब्यांना ४०० ग्रे देऊन २००७ पासून ते अमेरिकेला जाऊ लागले. कांद्याला हे सारे एका दमात देता येते, कारण कोंब कायमचा मेला तरी आपले काही बिघडत नाही. माणसाच्या गाठीभोवती मात्र जिवंत, हवीशी कातडी, लाळेच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या आणि मज्जारज्जू असतात.

निरोगी पेशी तुटलेला धागा काही तासांत बऱ्याच अंशी सांधून घेते. कर्कपेशीला हे काम तितकेसे साधत नाही. आज दोन ग्रे दिले, निरोगी पेशी रात्रीतून सावरल्या, कर्कपेशी अर्धवट सावरल्या. उद्या पुन्हा दोन ग्रे. दर दिवशीचा फरक लहान, पण तेहतीस वेळा गुणला की मोठा. पॅरिसमध्ये क्लॉद रेगो यांनी १९२० च्या दशकात एडक्यांवर प्रयोग करून हे दाखवले होते. एडक्याच्या वृषणातील सतत विभागणाऱ्या पेशी एका दणक्यात मारायच्या तर वरची कातडी जळे. तीच मात्रा दिवसांत वाटून दिली की पेशी संपत आणि कातडी टिके.

या हिशेबाची एक कठोर बाजू आहे आणि ती आपल्या भागात माहीत असायलाच हवी. उपचार मधेच थांबला तर उरलेल्या कर्कपेशींना वाढायला मोकळीक मिळते. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात उपचार जितके दिवस लांबतो तितकी गाठ आटोक्यात येण्याची शक्यता घटते. दर दिवशी साधारण एक टक्का. गाठ लहान दिसू लागली, दुखणे थांबले, गावी पेरणी आली किंवा घरी लग्न निघाले म्हणून विसाव्या दिवशी गाडी पकडणारा माणूस काय गमावून जातो, हे त्याला कुणी आकड्यात सांगितलेले नसते.

चिंचोक्यांचे अर्धायुष्य

कोबाल्ट म्हातारे होते. ५.२७ वर्षांत त्याचे निम्मे अणू उरतात. याला अर्धायुष्य म्हणतात. नव्या उगमाखाली दोन ग्रे द्यायला दोन मिनिटे लागत असतील, तर सव्वापाच वर्षांनी चार लागतील. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ दर महिन्याला सुमारे एक टक्क्याची घट हिशेबात धरून उपचाराची वेळ वाढवतो. होय, मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांइतकाच हा माणूस महत्त्वाचा! रोग्याचे अंतरही तोच पाहतो. उगमापासून ८० सेंटिमीटरवर झोपवायचा रोगी चुकून ८४ वर झोपवला, तर व्यस्त-वर्गाच्या नियमाने मात्रा नऊ टक्क्यांनी कमी पडेल.

अर्धायुष्य वर्गात करून पाहण्यासारखे आहे. पन्नास चिंचोके मधोमध फोडून शंभर डाळी करा. सारिपाटाच्या खेळात टाकतात तशा जमिनीवर टाका. पांढरी बाजू वर आलेल्या डाळी बाजूला काढा. त्या ‘विघटित’ झाल्या. उरलेल्या मोजा आणि पुन्हा टाका. शंभराचे पन्नासच्या आसपास, मग पंचवीस, मग बारा-तेरा. आलेख काढा. कोणती डाळ केव्हा पांढरी पडेल हे कुणालाच सांगता येत नाही, पण निम्म्या पडतील हे सांगता येते. अणूंचेही तसेच. शिक्षकांनी विचारावे: तीन वर्षांनी त्या दोन मिनिटांची किती होतील? उत्तर जवळजवळ तीन मिनिटे असे यायला हवे.

पोटॅशचे पोते

आता ताटाकडे येऊ. गॅमा किरणांनी एखादी वस्तू स्वतः किरणोत्सारी व्हायची तर तिच्या अणुगर्भात बदल घडला पाहिजे. ऑक्सिजनच्या अणुगर्भातून एक न्यूट्रॉन उपटायला १५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जा लागते, कार्बनला १८ हून अधिक, नायट्रोजनला १० हून अधिक. कोबाल्टच्या फोटॉनकडे आहे १.३३. तो बाहेरचे इलेक्ट्रॉन उडवतो. अणुगर्भ त्याच्या आवाक्यातला नव्हे. आणि फोटॉन साठून राहत नाही. विजेरी विझवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसा. यंत्राचे दार बंद होताच रोग्याच्या अंगात किरणांचे काही उरत नाही. लासलगावचा कांदा आपण चिरून खातो, तो याच भरवशावर.

तरीही त्याच्या अंगातून किरण निघतात. तुमच्याही निघतात. आपल्या शरीरात पोटॅशियम असते आणि निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत एखादा अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी जातीचा असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. साठ किलोच्या माणसात सुमारे १२० ग्रॅम पोटॅशियम. म्हणजे दर सेकंदाला ३,७०० च्या आसपास विघटने, शेक घेतलेला असो वा नसो. आणि त्यांतून निघणारा गॅमा किरण १.४६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, कोबाल्टच्या किरणाहून किंचित जोरकसच!

रावेर-यावलच्या केळीत पोटॅशियम भरपूर. एका मोठ्या केळ्यात ०.४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सेकंदाला बारा विघटने. केळीच्या बागेला जे पोटॅश खत देतात त्याच्या पन्नास किलोच्या पोत्यात सुमारे पंचवीस किलो पोटॅशियम असते. त्या एका पोत्यात दर सेकंदाला साडेसात लाखांहून अधिक अणू फुटत असतात. त्या पोत्यावर बसून गडीमाणसे न्याहारी करतात आणि त्यांना काही होत नाही, कारण ही मात्रा फारच अल्प आहे. तुलनेसाठी, दहा हजार क्युरीच्या कोबाल्टच्या उगमात दर सेकंदाला ३७ वर १३ शून्ये इतकी विघटने होतात. जास्त केळी खाल्ली म्हणून अंगातले किरण वाढतात असेही नाही. मूत्रपिंडे जादा पोटॅशियम बाहेर टाकून पातळी कायम ठेवतात.

मात्र एक भेद ध्यानात ठेवायला हवा. काही तपासण्या व उपचारांत किरणोत्सारी द्रव्यच शरीरात देतात. परळला १९६३ पासून असलेल्या प्रारण वैद्यक केंद्राचे हेच काम. हाडांच्या तपासणीसाठी टेक्नेशियम देतात. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे. ते मोलिब्डेनमपासून दररोज काढून घेता येते, म्हणून त्या भांड्याला तंत्रज्ञ ‘गाय’ म्हणतात आणि टेक्नेशियम काढण्याला ‘दोहणे’. एका दिवसात त्याचा सोळावा हिस्सा उरतो. गलग्रंथीच्या कर्करोगावर मात्र आयोडीन-१३१ मोठ्या मात्रेत देतात. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे आणि ते लाळेतून, घामातून, लघवीतून बाहेर पडते. अशा रोग्याला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात, आणि घरी आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस त्याचे ताट खरोखरच वेगळे हवे, लहान मुले दूर हवीत. म्हणून ‘शेक घेतला’ एवढे ऐकून थांबू नये. किरण बाहेरून दिले की औषध पोटात दिले, हे कागदावर पाहावे.

बाहेरून शेक घेतलेल्याचे ताट वेगळे करावे लागते ते निराळ्याच कारणाने. तोंडावर किरण घेतल्यानंतर काही आठवडे आतली त्वचा सोललेली आणि लाळ आटलेली असते. काळ्या मसाल्याची शेवभाजी, मिरचीचा ठेचा, कडक भाकरी यांतले काही त्याला सोसत नाही. त्याच्या ताटात मऊ भात, बिनतिखटाचे वरण आणि दुधात कुस्करलेले केळे वाढावे. आणि ते ताट घेऊन त्याच्या शेजारी बसावे.